माझा भाऊ समाजसेवक नव्हता

सुदाम गेला, हे मला कळलं ते त्याच्याविषयीच्या एका तक्रारीच्या पाठोपाठ. दुपारची वेळ होती. मुरबाडच्या माझ्या शिवणाच्या दुकानात मी एका नवरीच्या ब्लाऊजला हुक लावत बसले होते आणि फोन वाजला. मुरबाडातलेच दातांचे डॉक्टर होते, सुदामचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. "अहो ताई, तुमचे बंधू कुठं आहेत? फोन उचलत नाहीत. शहापूरच्या दातांच्या लॅबमधून कवळी आणायची होती, पेशंट खुर्चीत बसलाय माझा." मी म्हटलं, येईल हो, रस्त्यात असेल. फोन ठेवते न ठेवते तोच दुसरा आला, किन्हवलीच्या नाक्यावरच्या चहावाल्याचा. "ताई, सुदामभाऊ बाकड्यावर बसले, चहा नको बोलले, जरा टेकतो बोलले... आन् उठलेच नाय गो ताई." पुढचं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की डॉक्टरांचा पुन्हा फोन आला आणि मी त्यांना सांगितलं, सुदाम गेला. "अरेरे," ते म्हणाले. आणि लगेच त्यांनी विचारलं, "मग ती कवळी आता कुणाकडे असेल?" कुणी म्हणेल, धक्क्यात माणूस काहीही बोलून जातो. जातो खरा. मीही धक्क्यातच होते, पण मी तेव्हा जे बोलले ते या पुरवणीत छापता येणार नाही.

लेख लिहा असं मला सांगणाऱ्यांनी सुचवलं होतं, की थोडं हळवं लिहा, वाचकांना आवडतं. हळवं मला जमत नाही. मला राग आलाय आणि तो काही केल्या उतरत नाही. सुदामच्या दहाव्याला गावाच्या फाट्यावर एक भलामोठा फ्लेक्स लागला. त्यावर आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो, त्याच्या निम्म्याने सुदामचा, आणि खाली लिहिलेलं: समाजसेवक, सदैव लोकांच्या मदतीला धावणारा. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समाजसेवक? माझा भाऊ कुरियरवाला होता. मुरबाड ते शहापूर ही त्याची लाइन होती, त्याची ठरलेली गिऱ्हाइकं होती, ठरलेला दर होता. तो धंदा करत होता, अहो, धंदा! आणि हा शब्द मी एवढा धरून का बसलेय, तर त्याची बायको कल्पना आता ही लाइन चालवायला निघालीय. धंदा असेल तर तो बायकोला पुढं चालवता येतो. मदत असेल तर ती माणसाबरोबर संपते, आणि बायको घरी बसते. त्या फ्लेक्सवरच्या एका शब्दानं तिच्या पोटावर पाय येतो, हे तिथं हार घालायला आलेल्या एकालाही दिसलं नाही.

सुदाम माझ्या पाठचा. आमचं गाव सरळगावच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. शाळेत तो यथातथाच होता, पण फिरायची हौस दांडगी. भिवंडीच्या एका गोदामात बरीच वर्षं कामाला होता, माल चढवायचा, उतरवायचा, गाडीबरोबर जायचा. गोदाम दुसरीकडे हललं आणि याची नोकरी गेली. घरी येऊन दोन-चार महिने नुसता ओट्यावर बसून राहिला. मग एके दिवशी जुनी मोटारसायकल घेऊन माझ्या दुकानासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, मी कुरियर काढतोय." मी म्हटलं, कुरियरच्या कंपन्या आहेत की मोठमोठ्या. तर म्हणाला, "त्यांची गाडी मुरबाडातून कल्यानला जाते, तिथून फिरून शहापूरला येते. मधल्या गावांना कोन नाय. मुरबाडातला माल शहापुरात त्याच दिवशी कोन पोचवतंय, सांग." सांगायला काही नव्हतंच. खरंच कुणी पोचवत नव्हतं. व्हिजिटिंग कार्डंही छापून आणली पठ्ठ्यानं, त्यावर नावापुढे 'आणि कंपनी' असं लिहिलेलं. कंपनी कोण, विचारलं तर मोटारसायकलकडे बोट दाखवलं.

आणि मग सुरू झालं ते जाताजाता. आमच्याकडे हा शब्द फार जुना आहे. गावातून कुणी कुठं निघालं, की त्याच्या हातात काहीतरी देतात. लेकीला नवे तांदूळ, बहिणीला सुकट, दवाखान्यातल्या माणसाला डबा. तू जातोच आहेस ना तिकडं, मग जाताजाता देऊन ये. यात वाईट काही नाही, आम्ही सगळे तसेच वाढलो. जो जातो त्यानं न्यायचं, आणि नाही म्हणायचं नाही. पण रोज जाणं हाच ज्याचा धंदा, त्यानं काय करायचं? शेजारी वैद्य राहतो म्हणून कुणी त्याच्याकडे रोज फुकट औषध मागत नाही. सुदामकडे मात्र सगळं गाव मागायचं. सकाळी निघाला की फाट्यावर माणसं उभी. "सुदाम, जाताजाता एवढा मिक्सर टाक दुरुस्तीला." "सुदाम, जाताजाता बँकेतून पासबुक भरून आन." एका आजीनं तर वैशाखऱ्याच्या व्याह्यांना द्यायला जिवंत कोंबडा बांधून दिला. वैशाखरे कुठं, शहापूर कुठं! दिशासुद्धा उलटी. तो कोंबडा पिशवीतून मान बाहेर काढून सबंध वाटभर ओरडत होता, आणि हे साहेब त्याला घेऊन आधी शहापूरला एका साडीच्या दुकानात काम मागायला गेले. दुकानदार हसून लोटपोट झाला, काम काही दिलं नाही. मी सुदामला तेव्हा इतकी बोलले, की शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर येऊन बघायला लागला. तर हा मला म्हणतो, "ताई, नाय बोललो तर गावात तोंड कसं दाखवू?"

गिऱ्हाइकं शोधायला तो वणवण फिरला. पहिल्यांदा वाटलं, ज्याच्याकडे माल जास्त तो आपला. साडीवाले झाले, लग्नपत्रिका छापणारे झाले. पत्रिकावाल्यानं लग्नसराईत त्याला डोळखांबच्या पाड्यापाड्यांतून पळवलं, आणि सराई संपल्यावर ओळखही दाखवली नाही. घाटाच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टवाल्यानं मोठ्या ऐटीत सांगितलं, आमचं रोज काम असेल. रोज म्हणजे त्यांना पाव कमी पडले की. सकाळी फोन, आत्ताच्या आत्ता आण, आणि मग आठ-पंधरा दिवस सामसूम. त्या एका फोनपायी याची सगळी लाइन मोडायची. वर्षभर असा घासला तो. मग एकदा माझ्या दुकानात बसून भजी खाताना अचानक म्हणाला, "ताई, तुझ्याकडे बायका ब्लाऊजसाठी भांडतात, ते कधी?" मी म्हटलं, लग्न तोंडावर आलं की. "तेच," म्हणाला. "ज्याच्या मालाची कोनी तरी वाट बघतंय ना, तो आपला गिऱ्हाईक. वाट बघनारा ओरडतो, म्हणून मालक रोज पाठवतो." त्यानंतर त्यानं मोठी दुकानं सोडली. ज्यांच्याकडे माणूस खुर्चीत बसून वाट बघतो, ती दारं धरली. रक्त तपासणारी लॅब, चष्म्याचं दुकान, दातांचे डॉक्टर. यांचा माल एवढासा, हाताच्या मुठीत मावेल असा, पण रोजचा.

दारं बरोबर धरली, पण आत गेल्यावर माती खाल्ली. दातांच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, किती घ्याल? आणि माझ्या या भावानं काय उत्तर द्यावं? "द्या तुम्हाला काय वाटेल ते." हे आमच्या लोकांचं रक्तातलं दुखणं. पैशाचं बोलायची लाज. समोरचा शिकलेला, कोट घातलेला, त्याच्याकडे दर कसा मागायचा? वर आणखी म्हणतात, "घरचंच समजा." मग समोरचे खरंच घरचं समजतात, आणि घरच्याला कोण पैसे देतं? डॉक्टरांना जे वाटलं ते त्यांनी दिलं, आणि त्यांना फारच थोडं वाटलं. पेट्रोलही सुटेना. मी सुदामला दुकानातल्या आरशासमोर उभं केलं. म्हटलं, मी डॉक्टर, आता बोल. मी विचारलं, किती घ्याल? त्यानं आरशात स्वतःकडे बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "द्या काय..." मी हातातली मापाची टेप फाडकन त्याच्या पाठीवर मारली. पुन्हा विचारलं. पुन्हा "द्या..." पुन्हा टेप. कपडे शिवायला आलेल्या बायका हसून हसून खाली बसल्या. शेवटी त्यातलीच एक म्हणाली, "दादा, तुमी आकडा बोला आन् गप बसा. पुढं एक शब्द बोलू नका." ती मासे विकणारी होती, तिला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सुदाम गेला, आकडा बोलला आणि गप्प बसला. डॉक्टर एका पेशंटच्या तोंडात वाकलेले, वरही न बघता म्हणाले, "बरं." बाहेर येऊन त्यानं मला फोन केला. "ताई, एवढंच होतं गो?" मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. सकाळी मुरबाडहून निघायचा, सरळगाव, किन्हवली करत शहापूर, काही दिवशी पुढे खर्डीपर्यंत, आणि दुपारी परत. लॅबवाल्या मॅडम त्याच्या येण्यावर घड्याळ लावायच्या. पाठीचं दुखणं उपटलं तेव्हा एक सबंध पावसाळा कल्पनानं स्कूटीवरून लाइन ओढली, रेनकोटच्या आत छातीशी तपासणीच्या रक्ताच्या बाटल्या धरून. तेव्हा कुणी तिला, झेपेल का, असं विचारलं नाही, कारण नवऱ्याच्या आजारपणात बायकोनं केलेलं काम लोकांच्या डोळ्यांना दिसतच नाही. घराला स्लॅब पडला, मुलगी कॉलेजात गेली. आणि गावानं काय म्हणावं? सुदाम आता भाव खातो. का, तर सकाळच्या वेळी तो फाट्यावर थांबेना. संध्याकाळी या, मी नेतो, पन सकाळी नाय, असं तो सांगायला लागला होता. तेवढंच. तेवढ्यानं तो माजलेला ठरला. त्या पुढाऱ्यानं तर भर चौकात ऐकवलं, की समाजाचं काम सांगितलं तरी हल्ली लोक दर विचारतात. समाजाचं काम म्हणजे याच्या वाढदिवसाची निमंत्रणं पाड्यापाड्यांत वाटायची. सुदाम तरी मऊच, गेला वाटायला. त्या दिवशी आम्ही दोघं कडाक्याचे भांडलो. मी म्हटलं, तुला लाज नाही, आणि तो म्हणाला, ताई, इथंच राहायचं हाय मला.

शेवटच्या दिवशी सकाळपासून त्याच्या छातीत जळजळत होतं. कल्पना म्हणाली, आज राहू द्या. पित्त झालंय, म्हणाला आणि निघाला. शहापूरला रक्ताच्या लॅबमध्ये पोचल्यावर मॅडमनी घामेजलेला चेहरा बघितला, बसा म्हणाल्या, ईसीजी काढू म्हणाल्या. तर हा काय म्हणाला? "उद्या काढू, कवळीवाला खुर्चीत बसलाय." हे मॅडमनीच मला नंतर रडत सांगितलं. सुदाम, मेल्या, मला सगळ्यात जास्त राग तुझाच येतो! डॉक्टरांच्या त्या पेशंटनं आणखी एक दिवस भाकरी कुस्करून खाल्ली असती. काय बिघडणार होतं? ज्याची कोणी वाट बघतंय तो आपला गिऱ्हाईक, असं तूच म्हणायचास ना? मग घरी तुझी वाट बघणारी कोण होती रे?... असो.

दहाव्याच्या दिवशी देवळासमोर शोकसभा ठेवली होती. एकेक जण उठून बोलत होता. सुदाम कधी नाही म्हणाला नाही. सुदाम जाताजाता सगळ्यांची कामं करायचा. दातांचे डॉक्टरही आले होते, तेही म्हणाले, "त्यांनी आमच्याकडे निःस्वार्थपणे सेवा दिली." दर महिन्याला पाकीट देणारा माणूस उभा राहून निःस्वार्थ म्हणतो! मग पुढारी उठले आणि सेवेचा हा वसा आपण सर्वांनी वगैरे सुरू झालं. मी उठले. बायकांच्या बाजूनं कुणीतरी पदर ओढला, तो सोडवून घेतला. म्हटलं, "माझ्या भावानं सेवा केली नाही, धंदा केला. इमानानं केला, दर सांगून केला. आणि तो धंदा उद्यापासून कल्पना चालवणार आहे. ज्यांचा माल जायचाय त्यांनी सकाळी तयार ठेवा. आणि तो फाट्यावरचा फ्लेक्स संध्याकाळपर्यंत उतरवा, नाहीतर मी माझी कात्री घेऊन येते." नंतर जेवताना एक चुलते तेवढे म्हणाले, "दिवस तरी होऊ द्यायचे होते गो." मी म्हटलं, काका, रक्ताची बाटली दिवस होईपर्यंत थांबत नाय.

फ्लेक्स उतरला. लाइन मात्र तेवढ्यानं जमली नाही. लॅबच्या मॅडम राहिल्या, त्यांनी दुसऱ्याच दिवशी बाटल्या भरून ठेवल्या होत्या. चष्मेवाल्यानं परस्पर दुसरा माणूस धरला, तो गेलाच. डॉक्टरांकडे आम्ही दोघी गेलो. मी बोलायचं आणि कल्पनानं शेजारी बसायचं, असं ठरलं होतं. डॉक्टर फार गोड बोलले. "वहिनी, तुम्ही कशाला उन्हातान्हाचं... औषध कंपनीचा एक एमआर आहे, तो शहापूरहून येतच असतो, जाताजाता आणतो. तुम्ही घरी बसा. मी दर महिन्याला काहीतरी मदत पाठवत जाईन." मी तोंड उघडणार, तेवढ्यात कल्पना म्हणाली, "मदत नको, डॉक्टर. कवळ्या द्या." ते हसले, लहान पोरीच्या बोलण्यावर हसतात तसं, आणि म्हणाले, बघू. आम्ही घरी आलो. वाटेत मी मुरबाडपासून गावापर्यंत डॉक्टरांचा उद्धार करत आले.

पण जाताजाता आणणारा माणूस ज्या दिवशी जात नाही, त्या दिवशी काय होतं, हे डॉक्टरांना लवकरच कळलं. एमआरची कुठंतरी मीटिंग निघाली, कवळी त्याच्या डिकीत, आणि एक म्हातारे गृहस्थ तोंडात दात नसताना नातवाच्या लग्नाला उभे राहिले. त्यांच्या घरच्यांनी दवाखान्यात येऊन जे सुनावलं ते म्हणे खालच्या मेडिकलपर्यंत ऐकू आलं. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला, माझ्याकडे नाही, कल्पनाकडे. वहिनी, उद्यापासून याल का, काय घ्याल? कल्पना तेव्हा माझ्या दुकानातच होती. तिनं आकडा सांगितला. सुदाम घ्यायचा त्याहून जास्त. सांगितला आणि गप्प बसली. पलीकडून डॉक्टरांचं "बरं" आलं, तशी ती म्हणाली, "सकाळी येते," आणि फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर तिनं पिशवीतून सुदामचं जाकीट काढलं. जाड निळ्या कापडाचं, मीच शिवलेलं. उन्हाळ्यातही घालायचा, लांबून गिऱ्हाईक ओळखतं म्हणायचा. "ताई, मला हे आवळून द्याल? लाइनवर लोकांना हेच माहीत आहे." टेबलावर पसरलं तर त्याला अजून पेट्रोलचा आणि सुदामचा असा मिळून वास होता. उजवा खांदा खाली उतरला होता आणि तिथं कापड पार विरून गेलं होतं, रोज पिशवीचा पट्टा तिथंच यायचा म्हणून. इतकी वर्षं मी लोकांचे कपडे उसवते, कधी हात अडखळला नाही. त्या दिवशी अडखळला. कात्री हातात धरून मी रडले, मोठ्यानं, दुकानात गिऱ्हाईक असताना. कल्पना शेजारी उभी होती, तिनं मला रडू दिलं आणि मग हळूच म्हणाली, "ताई, सकाळी घालायचंय." मग मी बाह्या कापल्या, बगल आवळली, उंची कमी केली. उजव्या खांद्याला आतून जाड कापडाचं दुहेरी अस्तर लावलं, कारण आता तिचा पट्टा रोज तिथं घासणार आहे.